पावसाळ्याआधी घरातले कागद फोनमध्ये कसे ठेवायचे

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा गावात शिरलं. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, कर्नाळ रोड इथल्या लोकांनी गाद्या, कपाटं, फ्रीज पुढं हळूहळू परत घेतले. कागद परत घेता येत नाहीत. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पाणी ओसरलं की माणसं पिशवीतनं चिकटून एकच झालेले कागदांचे गठ्ठे घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, यातनं काही निघतंय का बघा." तेव्हा फार थोडं निघतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये, ऊन असताना, हे काम करून टाका असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि आता इथं सविस्तर लिहिते.

यासाठी पैसे लागत नाहीत. कॅमेरा बरा असलेला कुठलाही अँड्रॉइड फोन, एक जीमेल खातं आणि घरातलं एखादं हाताशी येणारं माणूस एवढं पुरे. पण फुकटच्या सेवांच्या काही अटी असतात. त्या ठाऊक असल्या तर काम चोख होतं. नसल्या तर नेमक्या गरजेच्या दिवशी खातं उघडत नाही.

सुरुवात ट्रंकेच्या तळापासून

लोक पहिल्यांदा आधार आणि पॅन कार्ड काढतात. ते राहू द्या. आधार, पॅन, लायसन्स, गाडीचं आरसी हे सगळं सरकारकडं आहे आणि पुन्हा मिळतं. सातबारा तर महाभूमीच्या साइटवर नुसता बघायला फुकट आहे आणि डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपयांत मिळतो. जे दुसऱ्या कुणाकडं नाही किंवा कुणाकडं आहे हेच आपल्याला माहीत नाही, ते आधी काढा.

आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घ्या. आमच्या भागात त्याची किंमत सोन्यासारखी आहे, कारण ओबीसी जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आणि भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख आहे. नातीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन आजोबांच्या चौथीच्या दाखल्यावर अडते, हे मी दुकानात दरवर्षी बघते.

आता कुणी म्हणेल, स्कॅन घेऊन काय उपयोग, समितीला मूळ कागद लागतो. लागतो, खरं आहे. पण त्या दाखल्यावर शाळेचं नाव असतं, जनरल रजिस्टरचा नंबर असतो, तारीख असते. तो नंबर हातात असेल तर शाळेत जाऊन दुसरी नक्कल मागता येते. खरेदीखतावर दस्त क्रमांक, साल आणि दुय्यम निबंधकाचं कार्यालय असतं, त्यावरनं नक्कल निघते. जन्म-मृत्यूच्या दाखल्यावर नोंदणी क्रमांक असतो. नंबर गेला की मात्र नुसतं "आमचे आजोबा इथं शिकले" एवढंच उरतं, आणि क्लार्क जुनी रजिस्टरं किती वेळ चाळणार? म्हणून स्कॅन करताना अक्षर सुंदर दिसतंय का हे बघायच्या आधी नंबर वाचता येतोय का ते बघा. माझ्या लेखी या सगळ्या कामातली मुख्य गोष्ट हीच आहे.

मागची बाजू विसरू नका. खरेदीखताच्या पाठीमागं नोंदणीचे शिक्के असतात, रेशनकार्डाच्या आत सगळ्यांची नावं असतात, दाखल्याच्या मागं कधी हेडमास्तरांचा शेरा असतो. कोरी दिसली तरी पाठ स्कॅन करायची.

एक कागद स्कॅन कसा करायचा

फोनचा साधा कॅमेरा वापरून फोटो काढू नका. तो तिरका येतो, कडेला चादर दिसते आणि पाच पानांच्या पाच सुट्या फायली होतात. गूगल ड्राइव्ह बहुतेक फोनमध्ये आधीपासनंच असतं. ते उघडलं की खाली उजव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह असतं आणि तिथंच कॅमेऱ्याचं किंवा ‘स्कॅन’ असं बटण. त्यातनं कागदाच्या चारी कडा फोन स्वतः ओळखतो, तिरकं असेल तर सरळ करतो आणि पान जोडत गेलं की सगळ्याची एकच पीडीएफ बनवतो.

आता पन्नाससाठ वर्षांपूर्वीचा, चार घड्या पडलेला दाखला तुमच्या हातात आहे असं धरा. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात बसा, पण थेट ऊन नको. खाली गडद रंगाचं, नक्षी नसलेलं कापड घाला. जुना कागद पिवळट असतो, पांढऱ्या चादरीवर त्याची कड फोनला सापडत नाही. घडी जोरानं उलटी मोडायची नाही, तिथंच कागद तुटतो. हातानं हलकं पसरायचं आणि कोपऱ्यांवर चार सुटी नाणी ठेवायची, मजकुरावर नाही. फ्लॅश बंद. फोन कागदाच्या बरोबर वर, आडवा धरायचा आणि आपली सावली पडत असेल तर आपणच खिडकीच्या दुसऱ्या बाजूला सरकायचं.

स्कॅन झालं की फिल्टरचा पर्याय येतो. तिथं काळा-पांढरा कधीही निवडू नका. पान स्वच्छ दिसतं म्हणून लोक ते निवडतात आणि जांभळ्या शिक्क्याची शाई, निळी सही, पुसट झालेला रजिस्टर नंबर, सगळं डाग समजून पुसलं जातं. रंगीतच ठेवा. ते झाल्यावर दोन बोटांनी मोठं करून नंबर, तारीख आणि शिक्का वाचा. वाचता येत नसेल तर तेव्हाच पुन्हा घ्या, कागद एकदा ट्रंकेत गेला की परत निघत नाही.

लॅमिनेशन केलेल्या मार्कशीटवर ट्यूबलाइट चकाकते. ती बंद करा आणि कागद थोडा फिरवून चकाकी मजकुरावरनं बाजूला न्या. लॅमिनेशनबद्दल एक सांगते, माझा धंदाच तो असला तरी: लॅमिनेशन म्हणजे पुरापासनं संरक्षण नव्हे. कडेच्या बारीक फटीतनं पाणी आत गेलं की कागद आतच कुजतो आणि वाळवायला बाहेर काढता येत नाही. जुना मूळ दाखला किंवा स्टॅम्पपेपर कुणी लॅमिनेट करायला आणला तर मी परत पाठवते.

काही घरांत मोडीतले कागद निघतात. संस्थानच्या काळातले जमिनीचे, वतनाचे, देण्याघेण्याचे. ते वाचता येत नाहीत म्हणून लोक ते शेवटी ठेवतात किंवा रद्दीत घालतात. कृपा करून घालू नका. एकेक पान रंगीत, शक्य तेवढ्या जवळनं घ्या. लांब गुंडाळी असेल तर तुकड्यातुकड्यानं घ्या आणि प्रत्येक तुकड्यात आधीच्या दोनतीन ओळी पुन्हा येऊ द्या, म्हणजे पुढं मोडी वाचणाऱ्याला जोड लागते. छापील देवनागरी कागदावर गूगल लेन्स धरलं तर मजकूर उचलून टाइप करून मिळतो. मोडीवर त्याच्या भरवशावर राहू नका, तिथं जाणकार माणूसच लागतो.

स्कॅनिंगचं दुसरं ॲप घ्यायचं असेल तर प्ले स्टोअरमधनंच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरनं ॲप बसवणारी फाइल, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो नाहीतर आरटीओचं चलन म्हणून, उघडायची नाही. त्यातनं बँक खाती रिकामी होतात. तसं झालंच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. आणि ॲप कुठलंही असो, कागद त्या ॲपच्या पोटात ठेवायचे नाहीत. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात आपल्याकडं घरोघरी असलेलं कॅमस्कॅनरही होतं. ॲप आज आहे, उद्या नाही. पीडीएफ बाहेर काढून स्वतःच्या जागेत ठेवली की ॲप गेलं तरी कागद राहतो.

नाव

फोन फाइलला आपोआप तारखेचं नाव देतो. तसंच राहू दिलं तर सहा महिन्यांनी काहीही सापडत नाही. कुणाचं, काय, कधीचं या क्रमानं मराठीतच लिहा: ‘आजोबा शाळादाखला १९५४’, ‘आई जन्मदाखला’, ‘घर खरेदीखत १९८७’. घरातल्या कुणालाही शोधताना सुचेल असंच नाव हवं. कागदावर ‘दत्तात्रय’ आणि घरी ‘बापू’ असेल तर दोन्ही घाला.

अल्बम

लग्नाचे जुने अल्बम हा नाजूक मामला आहे. चिकट पानांवर लावून वर पारदर्शक प्लॅस्टिक ओढलेले फोटो ओढून काढायला गेलात की वरचा थर सुटतो. काढू नका. गूगलचं फोटोस्कॅन नावाचं फुकट ॲप आहे, ते अशा चकाकणाऱ्या फोटोंसाठीच केलंय. एकदा बटण दाबलं की पडद्यावर चार गोल दिसतात. फोन हळूहळू एकेका गोलावर न्यायचा, की ते पाच वेळा बघून चकाकी काढून टाकतं आणि एक स्वच्छ फोटो देतं. काचेच्या फ्रेममध्ये चिकटून बसलेला फोटोही काचेवरनंच असा घेता येतो.

हे करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोत कोण कोण आहे ते विचारून लगेच फोटोच्या माहितीत टाइप करा. टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, लिहिलं जातं. स्कॅन कधीही होईल, पण मागच्या रांगेत डावीकडनं तिसरी बाई कोण हे सांगणारं माणूस कायम असत नाही.

१५ जीबी कुठं जातात

प्रत्येक गूगल खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ च्या आधी कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवता यायचे, आता सगळे मोजले जातात. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीतनं जातो. जागा भरली की नवीन काही चढत नाही आणि मेलही येणं थांबतं. माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणांची जागा गुड मॉर्निंगच्या चित्रांनी आणि ग्रुपवरच्या व्हिडिओंनी भरलेली असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअप उघडून तिथं व्हिडिओ घेऊ नका असं करा, निम्मा भार तिथंच उतरतो.

माझा सल्ला असा: घरच्या कागदांसाठी वेगळं जीमेल खातं काढा. ते व्हॉट्सॲपला जोडायचं नाही, त्यावर कॅमेऱ्याचे फोटो चढवायचे नाहीत. नुसत्या कागदांना १५ जीबी आयुष्यभर पुरेल. पण दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल ते खातं पुसू शकतं. डिसेंबर २०२३ पासनं तो नियम लागू आहे. म्हणून चारसहा महिन्यांनी एकदा उघडून एखादी फाइल बघायची.

गूगल फोटोजमध्ये एक फसगत फार होते. फोन भरला म्हणून लोक त्या ॲपमधनं फोटो डिलीट करतात आणि ‘वर, म्हणजे गूगलकडं, तर बॅकअप आहे’ असं समजतात. तिथनं डिलीट केला की तो फोनमधनंही जातो आणि वरनंही. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये त्यासाठीचा वेगळा पर्याय आहे, तो फक्त वर पोचलेले फोटो फोनमधनं काढतो. चुकून उडवलाच तर बिनमध्ये ६० दिवस सापडतो.

आणि स्कॅन व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जाऊन अक्षरं फुटतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जशीच्या तशी जाते.

सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर हे सरकारचंच ॲप घ्या. तिथं सरकारी खात्यातनं थेट आलेला कागद, म्हणजे ‘इश्यूड’ मध्ये दिसणारा, कायद्यानं मूळ कागदासारखाच धरला जातो. आपण स्वतः चढवलेल्या स्कॅनला मात्र तो मान नाही, ती नुसती साठवण आहे. हा फरक न कळल्यामुळं लोक काउंटरवर भांडत बसतात. डिजिलॉकरसाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा; नसेल तर आधी तो बदलून घ्या, बाकी सगळं त्यावर अडतं.

किल्ली कुणाकडं आहे

पुरापेक्षा जास्त लोकांचे कागद पासवर्डमुळं जातात, असा माझा अनुभव आहे. फोन नवीन घेताना दुकानातल्या पोरानं खातं काढून दिलेलं असतं, नंबरही कधी त्याचाच टाकलेला असतो. पुढं फोन पाण्यात गेला, नवा घेतला, जुन्या खात्यात शिरायला गेलं की ओटीपी भलत्याच नंबरवर जातो. मग ताईला विचारा. ताई काय करणार? गूगलचं ऑफिस काही सांगलीत नाही.

म्हणून आजच बघा. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या गोलावर बोट ठेवा, तिथं तुमचा जीमेल पत्ता दिसेल. तो वहीत लिहून ठेवा, स्पेलिंगसकट. मग फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, त्यात तुमचं खातं, त्यात सुरक्षा. तिथं रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायचा, फोन नंबर आणि ईमेल असतो. नंबर घरातल्याच माणसाचा आणि चालू आहे ना? ईमेलच्या जागी मुलीचा किंवा सुनेचा घाला. त्याच पानावर दोन पायऱ्यांची पडताळणी चालू केली की बॅकअप कोड मिळतात, आठ आकडी दहा कोड. ते कागदावर उतरवायचे. फोन आणि सिम दोन्ही हाताशी नसले तरी पासवर्ड आणि त्यातला एक कोड यावर खातं उघडतं. एक कोड एकदाच चालतो.

रिचार्ज न केलेला नंबर काही काळानं बंद होतो आणि पुढं दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. घरातलं माणूस गेलं की त्याचं सिम लगेच बंद करू नका. आधी त्याच्या फोनमधले फोटो, त्याचं गूगल खातं, बँकेचे मेसेज हे सगळं मार्गी लावा. दुःखात हे सुचत नाही हे मला कळतं, पण शेजारपाजारच्यांनी तेवढी आठवण जरूर करून द्यावी. ज्यांना आधीच सोय करायची आहे त्यांच्यासाठी गूगल खात्यात ‘डेटा आणि गोपनीयता’ च्या खाली आपल्या माघारी काय करायचं याचा पर्याय आहे. खातं किती महिने वापरलं नाही तर ते बंद पडलं असं समजायचं आणि कुणाला कळवायचं हे तिथं ठरवता येतं; दहा जणांपर्यंत नावं देता येतात. माझ्या सासऱ्यांनी स्वतः बसून ते भरलंय.

कागदांचं फोल्डर मुलांबरोबर शेअर करताना ‘लिंक असलेला कुणीही’ हे निवडायचं नाही. ज्याचा-त्याचा ईमेल घालूनच द्यायचं. खरेदीखत, बँक पासबुक, आधार एका लिंकवर उघडं पडू देऊ नये. लॉजवाल्याला किंवा असंच कुणाला आधार द्यायचं असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरनं मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

दुसरी प्रत

पुरात आधी वीज जाते, मग टॉवर. ड्राइव्हवर असलेला कागद नेटशिवाय उघडत नाही. म्हणून पाचसहा महत्त्वाच्या फायलींवर तीन टिंबं दाबून ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवा. निवारा केंद्रात नाव लिहायला, दवाखान्यात आयुष्मान कार्डाचा नंबर सांगायला तेवढं पुरतं. पाणी चढायच्या आत घराचा एक व्हिडिओही काढा, प्रत्येक खोलीतनं सावकाश फिरून, कपाटं उघडून. पंचनाम्याला आणि विम्याला कामी येतो.

सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवरही घ्या. फोनला थेट लागणारे ओटीजी पेनड्राइव्ह मोबाइलच्या दुकानात मिळतात. तो पेनड्राइव्ह घरात ठेवू नका, नाहीतर कागदाबरोबर तोही वाहून जाईल. नदीकाठापासनं लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडं द्या. आमचा विट्याला नणंदेकडं असतो, बॅकअप कोडच्या कागदासकट एका डब्यात. पासवर्ड त्या डब्यात नाही, तो नणंदेला तोंडपाठ आहे. दर मे महिन्यात ती लग्नाकार्याला इकडं येते तेव्हा डबा घेऊन येते. आम्ही नव्या फायली घालतो आणि जुन्यातल्या दोनतीन उघडून बघतो. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं पडून राहिला तर कधीकधी उघडत नाही. तसं दिसलं तर त्याच दिवशी दुसरा घेऊन गूगल ड्राइव्हवरनं पुन्हा भरायचा.

कागद भिजलेलेच असतील तर

एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा, आपोआप सुटले तर सोडवा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. उन्हात टाकलेला फोटो वाकडा होतो आणि तडकतो. कागदांचा गठ्ठा लगेच हाताळायला वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. दोन दिवसांत बुरशी धरते, ती तिथं थांबते. पुढं जमेल तसं पान पान काढायचं. जे पान अर्धवट वाचता येतंय, त्याचा फोटो ओलं असतानाच घ्या. वाळल्यावर शाई आणखी फिकी पडते आणि नंबरातला एखादा आकडा तेवढ्यात जातो.